मेघाच्या लॅपटॉपची मेमरी

वाचकहो, असा एखादा लॅपटॉप तुमच्याही घरी असेल. बटण दाबावे, चहा टाकावा, तो उकळून, गाळून, पिऊनही व्हावा, तरी पडद्यावरचे ते गोल चक्र आपले फिरतेच आहे! बोरगाव मेघेतल्या अश्विन ताकसांडेच्या घरचा लॅपटॉप याच वाणाचा होता. घेतला होता अश्विनने, खात्याच्या बढतीच्या परीक्षेचा अभ्यास करायचा म्हणून. परीक्षा दोनदा दिली, दोनदा हुकली, आणि त्याच्या मागून नोकरीला लागलेला एक पोरगा त्याचा साहेब होऊन बसला. तेव्हापासून अश्विनने त्या लॅपटॉपचे तोंड पाहिले नाही. त्यावरची धूळ झटकली ती त्याच्या बायकोने, मेघाने.

मेघा आष्टीची. लग्नाआधी तिने आयटीआयमधून इमारतींचे नकाशे काढण्याचा कोर्स केला होता. लेक आकांक्षा शाळेत जाऊ लागली तशी तिने ती विद्या पुन्हा बाहेर काढली आणि वर्ध्यातल्या इंजिनिअरांची कामे घरी बसून करू लागली. कुणाचे दोन खोल्यांचे घर, कुणाचा दुकानाचा गाळा, कुणाच्या जिन्याचा पेच. तिचा हात चांगला होता आणि डोके त्याहून चांगले. मे महिन्यात कोणती भिंत किती तापणार हे ती आधी बघायची आणि खिडकीची जागा मग ठरवायची. हळूहळू लोक इंजिनिअरला ओलांडून थेट तिच्याकडे येऊ लागले.

आणि इथेच अश्विनच्या पोटात दुखू लागले!

आता त्याला वाईट माणूस म्हणाल तर फसाल. व्यसन नाही, आईशी उद्धट बोलणे नाही, लेकीवर जीव. मेघाने काम सुरू केले तेव्हा "आमच्या मिसेस नकाशे काढतात" असे चार लोकांत सांगताना त्याची छाती फुगायची. गंमत अशी की तोवर तो सांगायचा आणि लोक ऐकायचे. मग लोकच त्याला सांगू लागले. कुणी फाटकापाशी गाडी थांबवून विचारायचे, "मेघा मॅडमचं घर हेच का?" फाटकावर पितळी पाटी अश्विनच्या नावाची, ती मात्र कुणाला दिसायची नाही. लग्नाच्या मांडवात कुणीतरी ओळख करून दिली, "हे मॅडमचे मिस्टर." आणि कळस म्हणजे ऑफिसातला तो पोरगेला साहेब. त्याने स्वतः खुर्ची पुढे सरकवली आणि लाडात येऊन म्हणाला, "अश्विनभाऊ, प्लॉट घेतला ना आम्ही. वहिनीले विचारा बरं, टाइम कधी भेटन?"

अश्विन हसला. तसे हसावेच लागते. पण घरी येईपर्यंत त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि त्या दिवशीच्या भाजीत त्याला मीठ जास्त लागले.

वस्तीतल्या बुद्धविहाराच्या वर मुलामुलींसाठी अभ्यासिका बांधायचे घाटत होते. समितीचे अध्यक्ष मधुकरराव, निवृत्त हेडमास्तर. सचिव आपला अश्विन. अभ्यासिकेची मूळ कल्पना त्याचीच, आणि हे काम तरी आपल्या नावाने ओळखले जाईल असे मनातले मांडे तो कितीतरी दिवस खात होता. बैठकीत मधुकररावांनी एका वाक्यात ते मांडे मोडले.

"नकाशा मेघाच काढन. अन नुसता कागदावरचा नाई, आतून कसं दिसते ते बी पडद्यावर दाखव म्हणा तिले. पौर्णिमेच्या बैठकीले देणगी देणारे पाहुणे येऊन राह्यले. चित्र पाह्यल्याशिवाय त्यायचा हात खिशात जात नाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अश्विननेही डोलावली. कल्पना कुणाची होती हे एकालाही आठवले नाही, याचे शल्य मात्र त्याने जपून घरी आणले.

मेघाला आनंद झाला तो सांगता सोय नाही. आजवर तिने लोकांची घरे काढली होती. ही पहिलीच इमारत, जिच्यात वस्तीतली शंभर पोरे बसणार होती. ती कामाला लागली. पण खोलीचे आतले दृश्य उघडायला गेले की लॅपटॉपचा पडदा पांढरा पडायचा आणि केलेले काम पाण्यात जायचे.

"अहो, हा मधातच बंद पडून राह्यला," ती अश्विनला म्हणाली. "जरा दुकानात दाखवून आणता का?"

त्या घरात एक रीत होती. पंखा, मिक्सर, मोबाइल, जे जे विजेवर चालते ते ते अश्विनच्या अखत्यारीत. इतरांच्या घरांत वायर कोणत्या भिंतीतून न्यायची हे मेघा आखून द्यायची, पण स्वतःचा मिक्सर बिघडला तर तो दुकानात न्यायचा अश्विननेच. तो परत येऊन जे सांगेल ते खरे. यात कुणाला काही वावगे वाटले नव्हते, मेघालाही नाही.

बाजारात भूपेंद्रचे दुकान होते. त्याने लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढून खालचे झाकण उघडले आणि हसून म्हणाला, "भाऊ, मशीन एकदम तंदुरुस्त आहे. मेमरी कमी पडते फक्त, रॅम. चार जीबीत हे नकाशेवालं सॉफ्टवेअर कसं पळन? हे पाहा, एक पट्टी लागली आहे, बाजूची जागा खालीच आहे. आठची पट्टी बसवून देतो. चहा येईपर्यंत काम खतम."

"जुन्या फायली काढून टाकल्या तर?" अश्विनने विचारले.

"त्याचा काही फरक नाई पडत. स्वयंपाकाचा ओटा समजा ना. फळीवर डबे किती आहेत त्याचं काही नाई, ओटाच लहान असला तर पोळी लाटाले जागा कुठची? आपल्याले ओटा मोठा करायचा आहे." मग भूपेंद्रने कौतुकाने लॅपटॉपकडे पाहिले. "मेघाताईचा आहे ना? माह्या भावाचं घर त्यायनंच काढलं. एक नंबर! बसवू का पट्टी?"

भूपेंद्रने ते शेवटचे कौतुक केले नसते तर ही गोष्ट इथेच संपली असती. अश्विन म्हणाला, "आज राहू द्या. नंतर येतो." आणि झाकण लावून घेऊन निघाला.

असे का केले, हे रस्त्याने त्याला स्वतःलाही धड सांगता आले नसते. बोरगावचा रस्ता येईपर्यंत मात्र त्याची वाक्ये तयार झाली होती.

"नाई होत म्हणे," घरात शिरता शिरता तो म्हणाला. "जुनं मॉडेल आहे. यात मेमरी वाढवता येत नाई."

मेघाचा चेहरा पडला. "मंग? आता काय करू?"

"तू केवढं भरून ठेवलं त्यात! ओझं झालं त्याले. जुनंपानं काढून टाक. चालन मंग."

काडीचा फरक पडणार नाही, हे त्याला आता पक्के ठाऊक होते. तरी तो बोलला, आणि मेघाने ऐकले. नवरा दुकानात जाऊन आला होता ना!

पुढचे दिवस अश्विनचे बरे गेले. हे लिहायला लाज वाटते, पण खरे आहे. ती बसायची, जुन्या फायली काढत राहायची, पुन्हा काम उघडायची, पडदा पुन्हा पांढरा. दोघे जण घराचा नकाशा घ्यायला आले आणि "अजून झाला नाई" ऐकून नाराज होऊन गेले. अश्विन वर्तमानपत्रामागून पाहायचा आणि त्याला आत कुठेतरी गार वाटायचे. ऑफिसातल्या साहेबाला तर त्याने मोठ्या समाधानाने सांगून टाकले, "तुमच्या वहिनीचं काम सध्या बंदच आहे म्हणा ना."

शेवटी एके सकाळी मेघा म्हणाली, "मधुकररावांले सांगून द्या, माह्याच्यानं नाई होत. नागपूरच्या कोण्या इंजिनिअरकडून करून घ्या म्हणा."

"सांगतो ना," अश्विन म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला, की तांदूळ निवडत बसलेल्या धुरपताबाईंनी मान वर करून लेकाकडे पाहिले.

धुरपताबाई म्हणजे अश्विनची आई. त्याच दिवशी त्या आपल्या मोबाइलचे चार्जिंग होत नाही म्हणून भूपेंद्रच्या दुकानात गेल्या. एरवी हे कामही अश्विनचेच, पण त्या दिवशी का कोण जाणे, त्यांनी स्वतः ऑटो केला. परत आल्या तेव्हा मेघा आकांक्षाला आणायला शाळेत गेली होती. अश्विन नुकताच ऑफिसातून येऊन अंगणात बसला होता. धुरपताबाईंनी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"भूपेंद्र म्हणे, मेघाची पट्टी काढून ठेवली, भाऊ आलेच नाई. खोटं काऊन बोलला रे?"

अश्विनच्या तोंडचे पाणी पळाले. "तुले नाई समजत त्यातलं, माय."

"लॅपटॉपातलं नाई समजत. तुयातलं समजते. जळून राह्यला तू तिच्यावर!"

"लोक मले मॅडमचा नवरा म्हणते!" तो एकदम उसळला.

"मंग? नाईस का?"

पाण्याला आता वाट मिळाली होती. त्याने सगळे ओकले. पाटी, मांडव, साहेब, अभ्यासिका. "कल्पना माही होती, माय. कोणी नाव घेतलं नाई. सगळं तिचंच. माह्यं काय राह्यलं?"

धुरपताबाई खाटेवर बसल्या. आवाज खाली आला, पण शब्द नाही. "तुयं वाईट वाटणं खरं आहे. पण तुयी परीक्षा का तिनं नापास केली? तुया साहेब का तिनं बनवला? ती वर गेली तं तू खाली कसा गेला, हे सांग मले. मी महिला मंडळाची अध्यक्ष झाली तवा तुया बाप मंडपात दऱ्या टाकत होता. लोक हसले त्याले. तो म्हणे, बायको बोलणार आहे, लोकायनं चांगलं बसून ऐकलं पाह्यजे. कमी झाला का तो? आजही हरिदास ताकसांडेचं नाव निघाल्याशिवाय विहारात सभा होते का?"

त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत.

"अन एक सांगतो. तुया आजा शाळेत वर्गाच्या बाहेर बसून शिकला. आत येऊ देत नोहते. ज्यायनं बाहेर बसवलं त्यायले आपण आजही माफ नाई केलं. अन तू? आपल्याच घरात आपल्याच बाईले बाहेर बसवून राह्यला! त्यायच्यात अन तुयात फरक काय राह्यला रे?"

हे शब्द अश्विनला सरळ जाऊन लागले. तो उठला.

"मी तिले सांगणार नाई," धुरपताबाई मागून म्हणाल्या. "ज्यानं खोटं सांगतलं त्यानंच खरं सांगावं."

अश्विन आत गेला खरा, पण खरे सांगायला नव्हे. माणूस असा सहज सुधारत नाही! मेघा यायच्या आत लॅपटॉप दुकानात न्यायचा, पट्टी बसवून आणायची आणि "मिळाली बुवा एकदाची, किती फिरलो" म्हणून वर शाबासकी घ्यायची, असा त्याचा बेत होता. लॅपटॉप चालूच होता. बंद करता करता त्याची नजर पडद्यावर गेली.

मेघाने आवराआवर मोठी नेटकी केली होती. एका फोल्डरवर नाव होते 'बाबांचे फोटो', म्हणजे हरिदासांचे. एकावर 'आकांक्षा'. एकावर 'यांच्या परीक्षेच्या नोट्स'. आणि शेवटी 'माझे काम'. त्याने ते उघडले. आत फक्त अभ्यासिकेची अर्धवट फाइल!

आयटीआयमधली तिची रेखाटने कुठे गेली? आष्टीला वडिलांसाठी काढलेला पहिला नकाशा? लोकांना नमुना म्हणून दाखवायची ती इतक्या वर्षांची घरे? त्याने कचऱ्याची पेटी उघडली. तीही रिकामी. ओझे कमी करायचे म्हणून तिने पुसले होते ते फक्त स्वतःचे! त्याच्या हुकलेल्या परीक्षेचे एक पानही इकडचे तिकडे झाले नव्हते.

तेवढ्यात मेघा लेकीला घेऊन आली.

"तुह्ये जुने नकाशे?" त्याने विचारले.

"काढले ना. तुम्हीच म्हणाले ओझं झालं म्हणून."

"अन माह्या नोट्स काऊन ठेवल्या?"

"तुम्ही आणखी एकदा परीक्षा देसान म्हणून," ती सहज म्हणाली. "देणार आहे ना?"

हाय रे! त्याने शाबासकीचा बेत केला होता, आणि इथे हे वाक्य त्याची वाट पाहत बसले होते. अश्विनला रडू आवरेना. रडत रडत त्याने सगळे सांगितले. रिकामी जागा, भूपेंद्र, खोटे, आणि तिला अडलेली पाहून आपल्याला बरे वाटत होते हेसुद्धा.

मेघाने त्याचे डोळे पुसले नाहीत. "आष्टीचं घर होतं त्यात," ती म्हणाली. "माह्या बाबाचं. पह्यलं काढलेलं. बाहेरच्या कोणी असं केलं असतं तं मी भांडली असती अन इसरली असती. तुमच्या शब्दावर तं मी दुसऱ्यांदा इचारलं बी नाई!" मग तिने लॅपटॉप उचलला. "दुकानात मी जाऊन राह्यली. आता हे असं कोणाच्या हातानं नाई."

अश्विन मागोमाग गेला, पण दुकानात बोलली तीच. भूपेंद्रने पुसलेल्या फायली शोधून पाहिल्या. काही थोड्या मिळाल्या, आष्टीचे घर मिळाले नाही. पट्टी बसवायला त्याने हात पुढे केला तशी ती म्हणाली, "मले दाखवा, मी बसवतो." लॅपटॉप बंद करून, आतल्या बॅटरीची वायर काढून, पट्टी कडांनी धरून तिने ती तिरपी आत सरकवली आणि हलकेच खाली दाबली. दोन्ही बाजूंच्या पकडी टकटक करत बसल्या. लॅपटॉप पुन्हा सुरू केला, अभ्यासिकेची फाइल उघडली, आणि पडदा पांढरा पडला नाही.

घरात मात्र बरेच दिवस ती त्याच्याशी कामापुरतेच बोलत होती. अश्विनने ते सोसले. त्याने मधुकररावांना नकार कळवला नव्हता, एवढीच त्याची पुण्याई.

पौर्णिमेच्या बैठकीला विहार भरला होता. मेघाने पडद्यावर दार उघडले आणि सगळ्यांना आत फिरवले. उत्तरेच्या उजेडात मांडलेली टेबले, पश्चिमेच्या उन्हाला पाठ केलेली पुस्तकांची कपाटे, पोरींना घरी जायला सोपा पडावा म्हणून सरळ रस्त्याकडे उतरणारा जिना. पाहुणे खुर्च्या पुढे ओढून पाहू लागले. मधुकरराव भारावून उठले.

"मेघाचं कौतुक आहेच. पण बाई एवढं करते ते घरातून साथ असते म्हणून. अश्विन तिच्या मागं खंबीर उभा राह्यला! त्याच्यासाठी जोरात टाळ्या!"

टाळ्या पडल्या. किती दिवस भुकेला होता तो या टाळ्यांचा! नाव त्याचे, सभा भरलेली, आई समोर. नुसते मान लववून बसला असता तरी चालले असते. मेघा पडद्याकडे पाहत होती, ती एक शब्दही बोलणार नव्हती.

अश्विन उभा राहिला. "सर, टाळ्या थांबवा. मी तिच्या मागं उभा नोहतो. मी तिच्या वाटेत उभा होतो."

आणि त्याने सभेला सांगितले. लपवाछपवी न करता, दुकानापासून पुसलेल्या नकाशांपर्यंत. मधुकरराव उभ्याचे खाली बसले. मागच्या रांगेत बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. बऱ्याच जणींना आपापल्या घरचे काही ना काही आठवले असावे.

मेघाने वळून त्याच्याकडे पाहिले. त्या दिवसानंतर पहिल्यांदा नीट पाहिले. "बसा आता," ती म्हणाली. "वरची गच्ची दाखवायची राह्यली आहे अजून." आणि आपल्या शेजारची खुर्ची तिने थोडी सरकवून दिली.

बैठक संपल्यावर चपला घालताना समितीतला एक सभासद अश्विनजवळ आला आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "बायकोची शिलाई मशीन दिवाळीपासून पडून आहे बे. पार्ट भेटत नाई म्हणून सांगत होतो तिले. उद्या नेतो."

बंधूंनो, आणि भगिनींनोही, मत्सर मोठ्या आवाजात येत नाही. तो "नंतर पाहू" म्हणतो, "होत नाही म्हणे" सांगतो, आणि आपल्याच माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःचे पुसून टाकावे अशी व्यवस्था करून ठेवतो. घरातले एक माणूस वाढले म्हणून दुसऱ्याची उंची कमी होत नसते. कमी होते ती त्याला अडवल्याने, आणि तीही आपलीच! तेव्हा आज घरी गेलात की एवढेच करा. कुणाचे काय बिघडून पडले आहे ते पाहा, आणि ते दुरुस्त न होण्यात आपला हात तर नाही ना, हे स्वतःला खरे खरे विचारा.